पट्टी ‘सुपर ८’ची, यंत्र साध्या ८ चं

घरातल्या जुन्या फिल्म बघायला कुणी सेकंडहँड प्रोजेक्टर घेणार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

बाबांनी पंच्याहत्तर सालच्या आसपास काढलेली काही ‘सुपर ८’ (घरगुती चित्रणासाठीची ८ मिमी रुंद फिल्म) रिळं आमच्याकडे आहेत. त्यांचा प्रोजेक्टर कधीच गेला. जुन्या बाजारात ओळख झालेल्या एका दुरुस्तीवाल्याने ‘सुपर आठचंच मशीन, बेल्ट-बल्ब नवीन’ असं सांगून नऊ हजार घेतले. समोर स्वतःची फिल्म चालवूनही दाखवली. चित्र अगदी स्थिर होतं.

घरी आमचं रीळ लावलं आणि गेटमधून, म्हणजे दिव्यासमोर फिल्म सरकते त्या फटीतून, कटकट ऐकू आली. चित्र नाचायला लागलं. बंद करेपर्यंत हात-दोन हात फिल्मच्या कडेची भोकं (यंत्राचा दात ज्यांत अडकून फिल्म ओढतो ती) फाटली होती. त्या तुकड्यात आजी होती, लक्ष्मी रस्त्यावरच्या वाड्याच्या खिडकीतून विसर्जनाची मिरवणूक बघताना. तिचं हलतं चित्र आमच्याकडे तेवढंच.

साधी ८ मिमी फिल्म कोडॅकने १९३२ साली आणली, सुपर ८ आली १९६५ साली. रुंदी दोन्हींची सारखीच, त्यामुळे नवख्याला फरक कळत नाही. चित्राला जास्त जागा मिळावी म्हणून सुपर ८ ची भोकं लहान केली. साध्या ८ चं भोक १.८३ बाय १.२७ मिमी, सुपरचं १.१४ बाय ०.९१. साध्या ८ मध्ये भोक दोन चित्रांच्या सीमेवर येतं, सुपरमध्ये चित्राच्या मध्यावर. दोन भोकांतलं अंतरही ३.८१ मिमीचं ४.२३ झालं. म्हणजे जुन्या यंत्राचा फिल्म ओढणारा दात सुपरच्या भोकाला जाड पडतो आणि चुकीच्या जागी घुसतो.

आमचं यंत्र साध्या ८ चंच निघालं. ‘सुपर ८’ नावाची पट्टी डिंकासारख्या कशाने तरी चिकटवलेली होती, खाली जुन्या पट्टीची स्क्रूची भोकं. सुपरच्या रिळाचं मधलं भोक मोठं असतं, म्हणून रिळं अडकवायच्या बारीक दांड्यांवर नायलॉनच्या नळ्या बसवल्या होत्या. ‘नवीन’ बेल्टला जोड होता. दाखवायला लावलेली त्याची फिल्म मात्र साधी ८. म्हणजे फरक त्याला पक्का माहीत होता, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

जाब विचारला तर म्हणाला, “साहेब, जुनी फिल्म ठिसूळ होतेच.” होते हे खरं. व्हिनेगरसारखा वास येणारी, आक्रसलेली फिल्म चांगल्या यंत्रातही फाटू शकते. पण आमच्या फिल्मला तसा वास नाही, ती मऊ आहे आणि भोकांच्या मधल्या जागेतही दाताचे ठसे उमटलेत. पावती त्याने दिली नव्हती. पैसे परत मिळाले नाहीत.

यंत्र बघायला जाताना आपल्याच रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या फिल्मचा वीतभर तुकडा न्या. दिवा बंद ठेवून, हाताने फिरवायची मूठ असेल तर तिनेच तो गेटमधून काढायला सांगा आणि नंतर भिंगाखाली भोकं तपासा. दोन्ही फिल्म चालवणारी यंत्रं असतात, पण त्यांवर तसा बदल करायचा खटका असतो. तो कुठे आहे ते विचारा. विकणारा स्वतःचीच फिल्म लावायचा आग्रह धरत असेल तर उठून या. पावतीवर ‘सुपर ८’ असं लिहून घ्या.

त्याच्या फळीवर त्या दिवशी आणखी यंत्रं होती, आणि त्यांतल्या दोनांवर अगदी तशीच पट्टी होती.