शोषखड्डा, एसटीपी की कर्दळीचा वाफा? सांडपाण्याचा निर्णय घेताना

बेळगावच्या दक्षिणेला शेतवडीत घर बांधायला काढलं की फरशीच्या रंगावर महिना जातो आणि सांडपाण्याचं काय ते गवंडी ठरवतो. ते पाणी गटारातून बळ्ळारी नाल्यात उतरतं. पावसाळ्यात नाला फुगला की तेच शहापूर-वडगावच्या भातात पसरतं. त्या शिवारात आमचंही भात आहे. दिवसभर त्या पाण्यात रोप लावून आलेल्या बायका संध्याकाळी पायांना खोबरेल चोळत बसतात, हे मी दरवर्षी बघतो. म्हणून घर बांधणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आधी हे ठरवा.

सगळ्यात स्वस्त म्हणजे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. आपल्याकडे सगळे ‘सेफ्टी टाकी’ म्हणतात, पण तेवढ्यानं सेफ्टी मिळत नाही. टाकीत गाळ तळाला बसतो, तरी वरून निघणारं पाणी निम्मी घाण सोबत घेऊनच जातं. ते शोषखड्ड्यातून जमिनीत मुरतं आणि उरलेलं काम मातीनं करायचं असतं. खानापूरकडच्या जांभ्यात पाणी झरझर मुरतं आणि न गाळताच शेजारच्या विहिरीत पोचू शकतं. बैलहोंगलकडच्या काळ्या मातीत ते मुरतच नाही. भाताच्या पट्ट्यात तर श्रावणात खड्डाच जमिनीतल्या पाण्यानं भरलेला असतो. घर एकटं, जमीन उंचावर आणि विहीर लांब असेल तरच हा पर्याय घ्यावा.

एसटीपी (सीवेज ट्रीटमेंट प्लांट), म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा, यंत्रावर चालणारा प्रकल्प. घाण खाणारे जिवाणू नदीतही असतात. इथे त्यांना टाकीत दाटीनं वाढवून ब्लोअरनं हवा पुरवतात. 1914 साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी ही रीत मांडली आणि ती उत्तम चालते. जागाही थोडी लागते, त्यामुळे टिळकवाडीतल्या अपार्टमेंटला दुसरा इलाज नाही. पण ब्लोअर दिवसभर बंद राहिला की जिवाणू गुदमरतात आणि जिन्यापर्यंत वास येतो. लाइटबिल आणि रोज लक्ष देणारा माणूस, हे दोन्ही कायमचं धरून चाला.

तिसरा पर्याय, कर्दळीचा वाफा, आमच्या मळ्यातल्या घरी आहे. तळ्याच्या काठची दलदल जे करते तेच खडीच्या वाफ्यात करून घ्यायचं. 1950च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल यांनी पाणवनस्पती लावून सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग केले, तिथून ही वाट पडली. खरं काम खडीला चिकटलेले जिवाणू करतात. झाडांची मुळं त्यांना थोडा प्राणवायू देतात आणि खडीत वाटा मोकळ्या ठेवतात.

आम्ही घरात सहाजण. माणशी एक ते दोन चौरस मीटर धरतात, म्हणून बारा चौरस मीटर, म्हणजे साधारण 130 चौरस फूट जागा घेतली. दोन फूट खोल खड्डा, तळाला जाड प्लास्टिक, त्यावर खडी, त्यात कर्दळ आणि पाणकणीस. मैला आधी टाकीतच बसतो, वाफ्यात जातं ते वरचं पाणी, तेही नुसत्या उतारानं. बाहेर काढणारा पाइप असा वळवलाय की पाणी खडीच्या चार बोटं खालीच राहतं. उघडं पाणी नाही, म्हणून डास नाहीत. पहिल्या वर्षी मात्र खडी न धुता टाकली. क्रशरची भुकटी तळाला बसून वाफा तुंबला. पावसाच्या तोंडावर सगळी खडी उपसून धुवावी लागली, त्यात चार दिवस गेले.

आता दोन काचेच्या बाटल्या भरून बघितल्या, तर वाफ्यात शिरणारं पाणी राखाडी, त्यावर साय धरलेली. निघणारं फिक्या चहासारखं, वास ओल्या मातीचा. ते नारळ-केळीला देतो. मेथी-कोथिंबिरीला देत नाही, कारण रोगजंतू सगळे मरत नाहीत.

अडचणीही आहेत. मुळं धरेपर्यंत काही महिने जातात. वर्षातून एकदा झाडं कापावी लागतात, दोन-तीन वर्षांनी टाकीतला गाळ उपसावा लागतो. जुलैच्या पावसात रानातलं पाणी आत शिरू नये म्हणून कडेला वीतभर बांध हवाच. गॅरेजचं तेल किंवा कारखान्याचं रसायन यात अजिबात सोडू नका.

तरीही जमीन असेल तर मी वाफाच घ्या म्हणेन. वीस घरांच्या लेआउटला, ऐंशी माणसं धरली, तर सव्वा ते दीड गुंठा पुरतो. नकाशा मंजुरीला जाण्याआधीच उताराकडचा, पण नाल्याचं पाणी चढत नाही असा कोपरा बाजूला काढा. प्लॉट विकून झाल्यावर तो मिळत नाही.