डीपसीक: जीएस दोनला चार तारे, घरच्या कागदांना शून्य

पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासमध्ये मी आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते; जीएस दोन म्हणजे सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात हा विषय येतो. मुलं हल्ली पुस्तक उघडायच्या आधी चॅटबॉट उघडतात, त्यामुळे कुठला बॉट कशासाठी धरायचा हे मलाच तपासावं लागतं. डीपसीक हा चिनी चॅटबॉट फुकट आहे. खोलीभाडं आणि मेसचं बिल भागवून महिन्याअखेर हात आखडलेल्या पोरांना एवढं कारण पुरतं.

आधी चांगलं सांगते. 'डीपथिंक' दाबलं की उत्तराच्या आधी त्याचा विचार ओळीने पडद्यावर उमटतो. शिकवणाऱ्या माणसाला यासारखी सोय नाही. मी विचारलं होतं, स्वायत्त (माणसाशिवाय स्वतःच लक्ष्य निवडणाऱ्या) शस्त्रांवरच्या ठरावाला संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या, म्हणजे निःशस्त्रीकरणाच्या समितीत नोव्हेंबर 2023 मध्ये भारताने विरोधात मत का दिलं? गडी आधी बाजू मांडून बसला: ठरावाच्या बाजूने कोण, विरोधात रशिया-बेलारूसच्या रांगेत भारत कसा, आणि मग जिनिव्हातल्या सीसीडब्ल्यू करारापर्यंत (काही पारंपरिक शस्त्रांवर मर्यादा घालणारा करार) आला. या विषयाची चर्चा तिथे चालू असताना दुसरी समांतर चूल नको, ही भारताची भूमिका. मुलं बहुतेक वेळा 'भारत शांतताप्रिय देश आहे' असं लिहून मोकळी होतात. उत्तरापर्यंत जायचं कसं हे त्यांना या पडद्यावर दिसलं. चार तारे त्याचेच.

आता ॲपपेक्षा ॲपची जन्मकथा जास्त शिकवण्यासारखी आहे. कंपनी चीनमधल्या हांगचौची, मालक लियांग वेनफंग, मूळ धंदा हाय-फ्लायर नावाच्या हेज फंडाचा, म्हणजे बड्या गुंतवणूकदारांचा पैसा बाजारात फिरवण्याचा. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेने प्रगत एआय चिप चीनला विकायला बंदी घातली. एनव्हिडिया या अमेरिकन चिप कंपनीने नियमात बसेल अशी थोडी पंख छाटलेली एच800 चिप काढली; वर्षभरात तीही बंद झाली. पण तेवढ्यात माल पोचला होता. अशा 2,048 चिपांवर व्ही3 हे मॉडेल शिकवलं आणि शेवटच्या फेरीचा खर्च सुमारे 56 लाख डॉलर, असं कंपनी सांगते. (आधीचे प्रयोग, पगार, चिपांची किंमत त्यात धरलेली नाही. मुलं हा आकडा एकूण खर्च म्हणून लिहितात, लिहू नका.) 20 जानेवारी 2025 ला विचार मांडून उत्तर देणारं आर1 हे मॉडेल आलं, आणि इतक्या स्वस्तात काम भागतं म्हटल्यावर 27 तारखेला एनव्हिडियाचं बाजारमूल्य एका दिवसात 589 अब्ज डॉलरनी घसरलं. निर्बंधांचा उपयोग होतो की समोरचा काटकसर शिकतो, यावर आमच्या वर्गात एक तास सहज जातो. माझं मत विचाराल तर दोन्ही होतं, आणि कुठलं आधी होतं यावर सगळा खेळ आहे.

मग येते चाळणी, म्हणजे सेन्सॉरशिप. तिएनआनमेन, 1989 (बीजिंगच्या चौकातलं आंदोलन सैन्याने चिरडलं ते) असं विचारलं की हे ॲप विषय बदलतं, आणि काही वेळा तर लिहीत आलेलं उत्तर डोळ्यांदेखत पुसून टाकतं, हे जानेवारी 2025 मध्येच जगभरच्या पत्रकारांनी दाखवून दिलं. तैवान आणि अरुणाचलच्या बाबतीतही त्यांना हाच अनुभव आला. याला मी तारे कापत नाही. ऑगस्ट 2023 पासून चीनमध्ये नियमच आहे की जनरेटिव्ह एआयने 'समाजवादी मूल्यं' पाळायची. म्हणजे ही बिघाडी नव्हे, धोरण आहे. बीजिंगची अधिकृत भूमिका शब्दशः हवी असेल तर याच्याइतका आज्ञाधारक प्रवक्ता मिळणार नाही. ती भूमिका म्हणून वाचा, माहिती म्हणून नको.

शून्य तारे देते ते गोपनीयतेला. ॲप आलं तेव्हाच्या धोरणात त्यांनी स्वतः लिहून ठेवलं होतं की माहिती चीनमधल्या सर्व्हरवर साठवली जाईल, आणि तुम्ही कळा कोणत्या लयीत दाबता तेही टिपलं जाईल. त्याच्या शेजारी चीनचा 2017 चा गुप्तवार्ता कायदा ठेवून वाचा. सातवं कलम प्रत्येक संस्थेने आणि नागरिकाने गुप्तवार्तेच्या कामाला साहाय्य करावं असं सांगतं. आर1 आल्यापासून दहा दिवसांत इटलीने ॲप अडवलं, ऑस्ट्रेलियाने सरकारी यंत्रांवरून काढायला लावलं.

साताऱ्याकडची एक मुलगी आहे वर्गात, भाऊ सैन्यात. घरात लग्न निघालं, म्हणून दादाच्या सुट्टीसाठी आईच्या नावाने त्याच्या साहेबांना पत्र लिहायचं होतं. तिने मजकूर तयार ठेवला होता: युनिट, ठिकाण, हजर व्हायची तारीख, सगळं. "मॅडम, यात टाकून इंग्रजी करून घेऊ का?" मी म्हटलं, अजिबात नाही. "मग चॅटजीपीटीत?" तेही नाही. आपल्या अर्थ मंत्रालयाने जानेवारी 2025 अखेरीस कार्यालयीन यंत्रांवर बंदी घातली ती दोघांनाही, एकाच परिपत्रकात. टिकटॉकसकट 59 ॲप गलवाननंतर दोन आठवड्यांत गेली, त्यामुळे धोका म्हणजे चिनी माल एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. त्या परिपत्रकाने अमेरिकन मालही त्याच पंगतीत बसवला. पत्र मग आम्ही दोघींनी कागद-पेन घेऊन लिहिलं.

यावर एक तोडगा आहे आणि तो फार कमी जण वापरतात. आर1 खुल्या परवान्याने दिलेलं आहे, त्यामुळे त्याच्या लहान आवृत्त्या स्वतःच्या लॅपटॉपवर चालतात. माझ्या भाच्याने ओलामा (अशी मॉडेलं लॅपटॉपवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून 8 अब्ज पॅरामीटरची आवृत्ती बसवून दिली; पॅरामीटर म्हणजे मॉडेलचा आकार मोजायचं माप. डाउनलोड पाच जीबीच्या आसपास. नेट बंद करा, तरी चालते, आणि तुमचा मजकूर घराबाहेर जात नाही. गंमत म्हणजे जानेवारी 2025 मध्ये निघालेल्या या आवृत्तीचा सांगाडा मेटाच्या (फेसबुकवाल्या कंपनीच्या) लामा मॉडेलचा, म्हणजे अमेरिकन, आणि शिकवणी चिनी. ॲपमधली उत्तर पुसायची करामत इथे नाही, पण शिकवणीतून मुरलेला कल असतोच, तेव्हा सीमाप्रश्नावर यालाही गुरू करू नका. मराठीची अपेक्षा ठेवू नये. आर1 इंग्रजी आणि चिनीसाठी घडवलंय असं कंपनीच्याच शोधनिबंधात आहे. प्रश्न इंग्रजीत विचारायचा, मुद्दे मराठीत आपण काढायचे. रॅम सोळा जीबी असेल तर लगेच बसवा. आठ असेल तर दीड अब्जवाली छोटी आवृत्ती घ्या, पण तिच्याकडून सीसीडब्ल्यूची अपेक्षा नको.