कुंद्याचा अंगठा आणि काजळीचा स्पंज: सहा महिने वापरून

आगीनंतर भिंतीवरची काजळी काढायला बनवलेला हा रबरी स्पंज कॉमिक्स जमवणारे वापरतात, म्हणून मीही मागवला. ३ विटा, ८५० रुपये. पहिलीच वीट उघडली तर कोपरे भुसभुशीत आणि टेबलभर पिवळा चुरा. हेल्पलाइनवाला बेळगावचा पिनकोड बघून कन्नडमध्ये सुरू झाला. कन्नड येतं की मला, पण स्पंजच्या चुऱ्यावर दहा मिनिटं भांडायला शेवटी हिंदीच काढावी लागली. फोटो मागितले, पाठवले. उत्तर आलं, "वस्तू वापरलेली दिसते." अहो, वापरल्याशिवाय चुरा पडतो हे कळणार कसं?

हा चुरा अंकाच्या पिनांभोवती आणि पाठीच्या घडीत जाऊन बसतो. तो ब्रशनं काढण्यात माझे अर्धे रविवार गेलेत.

मूळ दुखणं वेगळं. मे महिन्यात भाचा आला होता, त्यानं कुंदा (आमच्याकडची तुपकट खव्याची मिठाई) खाल्ल्या हातानं माझा काळ्या चकचकीत कव्हरचा अमेरिकन अंक उचलला. दिव्याखाली तिरका धरला की अंगठ्याची रेघन् रेघ मोजता येत होती. स्पंज घासला, ठसा पसरला. जोर लावला, तर ठशाच्या जागी कव्हरची चकाकीच गेली. तेव्हा मी याला १ तारा दिला होता.

आता ३ देतो. वडिलांचे इंद्रजाल कॉमिक्सचे अंक (ते १९९० ला बंद पडले) काढले, तेव्हा कळलं की चूक माझी होती. स्पंज कोरडी धूळ उचलतो, तूप नाही. वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) कव्हरवरची चाळीस वर्षांची धूळ हलक्या हातानं, एकाच दिशेनं फिरवल्यावर अशी निघाली की स्पंज काळा पडला. तपकिरी झालेले जुने ठसे मात्र तसेच आहेत, ते तेल कागदात मुरलंय. उरलेल्या विटा हवाबंद डब्यात ठेवल्यापासून चुराही कमी पडतो. रबर उघड्या हवेत कडक होतं, म्हणजे मला जुनाच माल चिकटवला असणार.

एका मित्रानं लायटरचं पेट्रोल लाव म्हणून सांगितलं. नको! सीजीसी (कॉमिक्स तपासून दहापैकी ग्रेड देणारी अमेरिकन कंपनी) कोरडी सफाई रिस्टोरेशनमध्ये, म्हणजे डागडुजीत, धरत नाही, पण द्रावक किंवा पाणी वापरलेलं त्यांनी ओळखलं तर डागडुजी न केलेल्या अंकाला मिळणारं साधं निळं लेबल गेलं.

त्या काळ्या अंकाची दुसरी प्रत होती, तिच्यावरही भाच्याचे हात फिरलेले. ती त्याच संध्याकाळी कोरड्या मायक्रोफायबर कापडानं नुसती टिपली होती, घासली नाही. अमेरिकेतल्या चुलतभावाकरवी दोन्ही ग्रेडिंगला दिल्या. टिपलेली ९.२ आली, घासलेली ८.०. कापड ४० रुपयांचं, गणपत गल्लीतलं.

तिसरी वीट अजून पाकिटातच आहे. हवी असेल त्यानं टिळकवाडीत येऊन निम्म्या किमतीत न्यावी. चुरा पडला तर मला फोन करू नका, वस्तू वापरलेली दिसेल.