अश्वविज्ञानाची पदवी: केंटकी, लिमरिक की परळ?

रात्री अडीच वाजता घोडी पुढच्या पायाने जमीन उकरू लागते, मान वळवून वारंवार कुशीकडे पाहते आणि मग लोळण घेते. घोड्याला ओकारी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ बघता बघता जिवावर बेततो. अशा वेळी लक्षणे ओळखून वैरण काढून घेणारा आणि वेळेत डॉक्टर बोलावणारा एक माणूस लागतो, तर नाकातून नळी घालून पोट मोकळे करणारा दुसरा. अश्वविज्ञानाची पदवी पहिला माणूस घडवते. दुसऱ्यासाठी पशुवैद्यकाचीच पदवी हवी. परदेशी अर्ज भरण्याआधी विद्यार्थ्याने आणि पालकांनीही हा फरक नीट समजून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उपचारच करायचे असतील तर परळचे 1886 सालचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय हा सरळ मार्ग आहे. प्रवेश ‘नीट’ (NEET) या प्रवेश परीक्षेतून मिळतो आणि आंतरवासितेसह साडेपाच वर्षे लागतात. मात्र गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, कोंबडी या साऱ्यांचा अभ्यास असल्याने घोडा वाट्याला बेताचाच येतो. ती उणीव रेसकोर्सच्या तबेल्यांत किंवा स्टड फार्मवर स्वतः वेळ देऊन भरून काढावी लागते.

पागेचे व्यवस्थापन हेच ध्येय असेल, तर केंटकी विद्यापीठाच्या पदवीत विज्ञान आणि व्यवस्थापन दोन्ही नावापासूनच आहेत. विद्यापीठ लेक्सिंग्टनमध्ये आहे, जिथली कुरणे चुनखडीच्या थरावर पोसलेली आहेत, जिथे शर्यतीच्या घोड्यांची पैदास हा पिढीजात व्यवसाय आहे आणि जिथे कीनलँडला दर सप्टेंबरमध्ये वर्षाच्या शिंगरांचा प्रचंड लिलाव भरतो. पैदास आणि खरेदी-विक्रीकडे ओढा असणाऱ्याला याहून चांगले गाव मिळणे कठीण, पण अमेरिकेतील चार वर्षांचा खर्च घराला झेपेल का, हे आधी पाहावे.

आयर्लंडमधील लिमरिक विद्यापीठाची पदवीही चार वर्षांची आहे. शरीरक्रिया, आहार आणि व्यायाम यांचा पाया तिथे पक्का होतो, शिवाय प्रत्यक्ष नोकरीचा काळ अभ्यासक्रमातच धरलेला आहे. पुढे संशोधन करू इच्छिणाऱ्याने माझ्या मते लिमरिकच निवडावे.

मन अजून डळमळीत असेल, तर किल्डेअरच्या आयरिश नॅशनल स्टडमधील पैदाशीच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाचा विचार करावा. विण्याच्या हंगामात रात्र जागून घोडीच्या सडांवर मेणासारखे थेंब आले का ते पाहायचे. शिंगरू साधारण तासाभरात उभे राहिले का, दोन तासांत प्यायले का आणि तीन तासांत वार पडली का, हे घड्याळ लावून टिपायचे. हे काम आवडते की नाही, ते त्या थंडीतच कळते.

कुठेही अर्ज करताना दोन प्रश्न लेखी विचारावेत: आठवड्यात किती तास घोड्यांजवळ काम करायला मिळते, आणि प्रशिक्षणाची जागा विद्यापीठ शोधून देते की विद्यार्थ्याने शोधायची?