सांगलीत व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून घेतल्या, काम कसं झालं

विश्रामबागला एक जुना शूटिंगवाला आहे, त्याच्याकडं आईपप्पांच्या लग्नाच्या कॅसेट दिलेल्या. काम एक नंबर. २०१९ च्या पुरानंतर घरात ओल राहिलीच, टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरलेली, ती बघून त्यानं डायरेक्ट मशीनला लावलं नाही, आधी उघडून साफ केली, नाहीतर हेड (मशीनमधला टेप वाचणारा भाग) खराब होतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटलापण लागतं.

सगळा खेळ व्हीसीआरचा, म्हणजे कॅसेट चालवायच्या मशीनचा आहे बघा. ह्याच्याकडं एस-व्हीएचएसवाला (व्हीएचएसचीच सुधारित जात) आहे, एस-व्हिडिओ केबलनं (रंग आणि उजेडाचा सिग्नल वेगळा नेणारी) घेतो आणि मधे टीबीसी (सिग्नलचं टायमिंग सरळ करणारं यंत्र) लावतो, त्यामुळं मांडवाचे खांब नागमोडी हलत नाहीत. आधी एकीकडं स्वस्तात एक कॅसेट करून घेतलेली, त्यात पंगतीत वाढणाऱ्या काकांचा हात हलला की कडेला कंगव्यासारखे दाते! आपली पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) कॅसेट सेकंदाला ५० फील्डची, म्हणजे एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांची, त्यांची पूर्ण चित्रं करणं म्हणजे डीइंटरलेस, ते नीट नाही केलं की असं होणारच. ह्यानं ५० फ्रेमची फाइल दिली, हालचाल एकदम स्मूथ.

अजून एक, फोरकेमध्ये करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, व्हीएचएसमध्ये मुळात २४० लाइनीच्या आसपास डिटेल असतं, नसलेलं आणणार कुठनं.

तक्रार एकच, फोन उचलत नाही भाऊ, दुकानातच जावं लागतं. आणि हार्ड डिस्क आपली न्या, ओरिजिनल कॅप्चर मागून घ्या, डीव्ही (कमी दाबलेला व्हिडिओ फॉरमॅट) फाइल तासाला १३ जीबीच्या आसपास होते, छोट्या पेनड्राइव्हमध्ये नाही मावत.