ओओ गेजमधील इंटरसिटी १२५: काही महिन्यांच्या वापरानंतर

ब्रिटिश रेल्वेच्या इंटरसिटी १२५ या वेगवान डिझेल गाडीचे ओओ गेजमधील, म्हणजे छोट्या रेल्वेच्या एका प्रचलित मापातील, मॉडेल घ्यावे का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की अवश्य घ्यावे, मात्र पैसे मोजण्यापूर्वी आपल्याला कोणत्या वर्षाची गाडी हवी आहे हे ठरवावे. गेल्या हिवाळ्यापासून स्विंडनमधील घराच्या माळ्यावर माझा एक पूर्ण संच, म्हणजे दोन पॉवर कार (टोकांची इंजिने) आणि सात मार्क ३ जातीचे प्रवासी डबे, नियमितपणे धावतो आहे. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण मला कंपन्यांची तुलना करायची नसून अशा मॉडेलकडून काय मिळते आणि काय आपले आपणच करावे लागते, एवढेच सांगायचे आहे.

आधी जागेविषयी सांगतो. ओओमध्ये एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६.२ हे प्रमाण असते. मार्क ३ डबा प्रत्यक्षात सुमारे २३ मीटर लांब आहे, म्हणून मॉडेलमध्ये तो ३०० मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त भरतो, आणि दोन्ही टोकांच्या पॉवर कार धरून पूर्ण गाडी अडीच मीटरच्या पुढे जाते. फलाट तेवढा लांब नसेल तर चार डब्यांवर समाधान मानावे लागते आणि मग गाडीचा सगळा रुबाब जातो. खोक्यावर ४३८ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावरही गाडी चालते असे छापलेले आहे आणि ते खरेही आहे, पण त्या वळणावर लांब डब्यांची टोके इतकी बाहेर झुकतात की पाहवत नाही. वेगाचाही विचार करावा. ताशी १२५ मैल, म्हणजे सुमारे २०० किलोमीटर, हा वेग या प्रमाणात सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास येतो, म्हणजेच पूर्ण गाडी एका खांबासमोरून साडेतीन सेकंदांत निघून जाते. घरगुती लेआउटवर (रुळांच्या मांडणीवर) बहुतेक जण ती याहून बरीच हळू चालवतात आणि मीही त्याला अपवाद नाही.

दोन पॉवर कारपैकी एकीतच मोटर आहे, दुसरी नुसती ओढली जाते. सपाट रुळांवर याने काही बिघडत नाही. अडचण आली ती डब्यांतील दिव्यांमुळे. प्रत्येक डब्याच्या चाकांना वीज घेणाऱ्या पट्ट्या टेकलेल्या असतात, त्यांचे घर्षण सात डब्यांत मिळून बरेच होते, आणि माझ्या लेआउटवरच्या चढावर मोटर असलेल्या पॉवर कारची चाके जागच्या जागी फिरू लागली. काही डब्यांच्या पट्ट्या अगदी हलक्या हाताने वाकवून सैल केल्यावर गाडी चढू लागली. दिवे मात्र अधूनमधून लुकलुकतात. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ठेवले तर तेही बरेच कमी होते. डीसीसी, म्हणजे प्रत्येक इंजिनाला रुळांमधून वेगळी डिजिटल आज्ञा देणारी यंत्रणा, वापरणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. दोन्ही पॉवर कारना एकच पत्ता दिला की मागची उलटी जोडलेली असल्यामुळे तिचे पांढरे आणि लाल दिवे चुकीच्या दिशेला लागतात. त्यासाठी तिच्या डिकोडरच्या (आज्ञा वाचणाऱ्या चिपच्या) सीव्ही २९ या सेटिंगमधील दिशेचा बिट बदलावा लागतो. हे काम दोन मिनिटांचे आहे, पण माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नाही.

आवाजाच्या डिकोडरमध्ये पॅक्समन व्हॅलेंटा इंजिन आहे आणि तेच योग्य आहे. २,२५० अश्वशक्तीच्या या इंजिनाच्या टर्बोचार्जरची किंचाळी हीच या गाडीची ओळख होती. फलाटावरून गाडी सुटताना ती स्टेशनभर घुमत असे. एवढ्याशा स्पीकरमधून खालच्या पट्टीची घरघर निघत नाही, म्हणून मी आवाज निम्म्याहून कमी ठेवतो, आणि तसा तो अधिक खरा वाटतो. पुढे २००५ नंतर बहुतेक पॉवर कारना एमटीयू कंपनीची इंजिने बसली. तो आवाज विसाव्या शतकाच्या गाडीला देणे म्हणजे जुन्या नाटकाला आजचे पार्श्वसंगीत लावणे होय.

आता वर्षाच्या मुद्द्याकडे येतो. ही गाडी ऑक्टोबर १९७६ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टनहून ब्रिस्टल आणि साउथ वेल्सकडे नियमित धावू लागली आणि पुढील कित्येक दशके धावत राहिली. एवढ्या काळात ती वरवर तशीच दिसली, तरी बारकाव्यांत सतत बदलत होती. माझे मॉडेल निळ्या, करड्या आणि पिवळ्या मूळ रंगसंगतीत असून नाकावर २५३ ने सुरू होणारा संचाचा क्रमांक छापलेला आहे. सुरुवातीच्या वर्षांत वेस्टर्न रीजनच्या, म्हणजे ब्रिटिश रेल्वेच्या पश्चिम विभागाच्या, संचांवर असे क्रमांक होतेच. पण दुरुस्तीसाठी पॉवर कार सतत अदलाबदल होत असल्याने ते निरर्थक ठरले आणि १९८० च्या दशकात गाळले गेले. त्याच मॉडेलच्या डब्यांच्या बाजूंवर मात्र छोटे नारिंगी दिवे आहेत. हे दिवे केंद्रीय दरवाजा-कुलपाचे आहेत. त्यापूर्वी प्रवासी खिडकी खाली करून, हात बाहेर काढून दार उघडत. धावत्या गाडीतून पडून मृत्यू होऊ लागल्यावर १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ही कुलपे बसवण्यात आली. म्हणजे खोक्यातली गाडी नाकाकडून एका दशकातली आणि डब्यांकडून दुसऱ्या दशकातली आहे. नारिंगी दिवे मी धारदार पात्याने खरवडले, त्या जागी बारीक पॉलिश पेपर फिरवला आणि करडा रंग लावला. करड्याची छटा जुळवायला दिवे काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

मी १९८४ चा उन्हाळा निवडला. तेव्हा डब्यांच्या छताच्या कडेला पहिल्या वर्गासाठी पिवळी आणि खानपान डब्यासाठी लाल रेघ असे, गार्डसाठी जागा असलेला डबा संचांत आलेला होता, आणि दुसरा वर्ग अजून दुसराच म्हणवला जात होता. त्याचे स्टँडर्ड हे नामकरण १९८७ मध्ये झाले. त्याच वर्षी पाकोळीच्या चिन्हाची स्वॅलो रंगसंगती आली, त्यामुळे ती असलेली गाडी शेजारी उभी करायची तर वर्ष बदलावे लागेल. ज्यांना वेस्टर्न वर्गाची डिझेल-हायड्रॉलिक इंजिने प्रिय आहेत त्यांच्यासाठी तर निवडीचा काळ फारच थोडा आहे. ती इंजिने फेब्रुवारी १९७७ मध्ये संपली, म्हणून ती आणि ही गाडी एकाच फलाटावर दाखवायची असेल तर हाताशी जेमतेम पाच महिने आहेत. मला तर हा काळ फार आवडतो, पण त्यासाठी संच सुरुवातीचाच हवा.

असे संशोधन करताना सर्वांत उपयोगी पडते ते तारीख असलेले छायाचित्र, आणि सर्वांत जास्त फसवतेही तेच. स्लाइडच्या चौकटीवर हाताने लिहिलेल्या तारखेवर मी भरवसा ठेवतो; नंतर कुणीतरी दिलेल्या मथळ्यावर नाही. एक उदाहरण देतो. ४३००२ या पॉवर कारला २०१६ मध्ये मूळ निळा-पिवळा रंग देऊन, तिचे नाक घडवणाऱ्या सर केनेथ ग्रेंज यांचे नाव देण्यात आले, आणि आता ती यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियममध्ये आहे. तिची सुंदर, लखलखीत छायाचित्रे सर्वत्र सापडतात. पण रंग १९७६ चा असला तरी आत एमटीयू इंजिन आहे आणि छतावरील धूर-निकासाची मांडणीही त्यानुसार बदललेली आहे. तिच्यावरून १९७६ ची गाडी बनवणारा छतावर हमखास चुकतो. दुसरा सापळा बफरांचा आहे. पूर्व किनाऱ्याच्या मार्गावर नवी विद्युत इंजिने आली तेव्हा आठ पॉवर कारना दुसऱ्या टोकाच्या चालक-डब्याचे काम देऊन त्यांच्या नाकाला बफर बसवले गेले. हे १९८७ च्या सुमाराचे आहे. त्या आठांपैकी एखादीचा, उदाहरणार्थ ४३०१३ चा, क्रमांक १९८४ च्या मॉडेलवर घालायचा असेल तर बफर नकोत, आणि १९९० च्या मॉडेलवर ते हवेतच.

पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना दोन्ही टोकांना इंजिन कशाला, हे समजावून सांगावे लागत नाही. मध्य रेल्वेची मुंबई–दिल्ली राजधानी कसारा घाट तशीच चढते. त्यांना आश्चर्य वाटते ते दोन रुळांमधील अंतराचे. प्रत्यक्ष प्रमाणाने ते १८.८३ मिलिमीटर हवे. ओओमध्ये ते १६.५ मिलिमीटरच असते, म्हणून समोरून पाहिले की गाडी अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसते. ही कोणा एका उत्पादकाची चूक नाही, या गेजचा जुना तोडगाच तसा आहे. ज्याला तो सहन होत नाही त्याला पी४ या अचूक अंतराच्या रुळांकडे वळावे लागेल आणि सात डब्यांची सगळी चाके बदलावी लागतील.

बारीकसारीक तक्रारी अशा आहेत: नाकाखालचा कपलिंगचा झाकणवजा भाग हाताळताना गळून पडतो, आणि चिकटवला तर आणीबाणीत गाडी ओढायला हुक उरत नाही. मोटरच्या गिअरला काही आठवड्यांनी तेलाचा एक थेंब लागतो. जास्त घातले तर ते चाकांपर्यंत ओघळून पकड जाते. रंगाचा दर्जा मात्र उत्तम आहे, पिवळ्याखालून गडद प्लास्टिक कुठेही डोकावत नाही. जुनी गाडी घेत असाल तर विक्रेत्याकडून छताचे आणि डब्यांच्या बाजूंचे छायाचित्र आधी मागून घ्या. नाकाचे तो स्वतःहून पाठवेलच.