पोस्ट कार्ड, आठ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर मदरबोर्ड तपासायचं एक पोस्ट कार्ड मागवलं. टपालाचं नव्हे, पोस्ट म्हणजे पीसी चालू होताना स्वतःची करतो ती तपासणी. चारशेच्या आतली वस्तू, एका कडेला पीसीआय, दुसऱ्या कडेला त्याहून जुना आयएसए, अशा दोन्ही स्लॉटांत बसणारी, कंपनीचं नाव कुठंच नाही. आजवर त्यावर एकोणीस बोर्ड लावले, त्यातले अकरा उठले.

'बेळगावात एवढे जुने बोर्ड आणतं कोण?' असं पुण्याचा मेव्हणा विचारतो. इथल्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, ये म्हणावं. तिथं विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणारी यंत्रं अजून आहेत, त्यांचं कंट्रोल कार्ड आयएसएचं आणि नव्या पीसीला तो स्लॉटच नाही. बेळगावातल्याच शहापुरात लग्नपत्रिका छापणाऱ्या एकाचे मराठी-कन्नड फॉन्ट प्रिंटर पोर्टच्या डोंगलवर, म्हणजे जो खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही त्या किल्लीवजा तुकड्यावर, अडकलेत. या लोकांना नवा संगणक नको असतो, तोच हवा असतो.

पीसी चालू होताना बायोस, म्हणजे बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्राम, टप्प्याटप्प्यानं 80 एच पोर्टवर, एका ठरलेल्या पत्त्यावर, कोड टाकत जातं आणि कार्ड तो दोन अंकांत (त्यात ए ते एफ अक्षरंही येतात) दाखवतं. बोर्ड अडला की शेवटचा कोड तसाच दिसत राहतो. बस्स, एवढंच. सुरुवातीला हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. अवॉर्ड या कंपनीच्या बायोसचा एक पेन्टियम थ्री बोर्ड सी1 वर थांबला. सी1 म्हणजे रॅम, म्हणून पट्ट्या खोडरबरानं घासल्या, तीन वेगवेगळ्या रॅम लावल्या, दोन संध्याकाळी घालवल्या. दोष निघाला प्रोसेसरशेजारच्या कपॅसिटरांत, पाचही डोक्यावर फुगलेले. 2000 च्या मागंपुढं कपॅसिटरमधल्या खराब इलेक्ट्रोलाइटमुळं (आतल्या द्रवामुळं) कितीतरी बोर्डांना हा रोग लागला होता. बोर्ड रॅम शोधताना थांबला एवढंच कार्ड सांगत होतं, रॅम गेली हे मीच ठरवलं होतं. 6.3 व्होल्ट, 1000 मायक्रोफॅरडचे लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले) कपॅसिटर टाकले आणि डिस्प्ले आला. आधी घरात पडलेले साधे टाकून बघितले होते, महिनाभरात बोर्ड परत दारात.

एफएफची तर गंमतच आहे. अवॉर्डवर सगळं नीट झालं, आता बूट होतंय, याचा कोड एफएफ, आणि बोर्ड साफ डेड असला तरी बऱ्याचदा एफएफच दिसतो. म्हणून रिसेट दाबून अंक पळतात का ते बघायचं.

माझ्या मते चारशे रुपये वसूल होतात ते दिव्यांमुळं. 5, 12 आणि 3.3 व्होल्टचे दिवे बघून पॉवर सप्लायवरचा संशय मिनिटात फिटतो. रिसेटचा दिवा क्षणभर लागून विझायला हवा. लागूनच राहिला तर रॅमकडं वळूच नका, आधी सप्लाय बदलून बघा.

कार्ड दोषाबद्दल काहीच बोललं नाही असंही झालं. फाउंड्रीतला एक 486 आला. मालक कानडी, रोज फोन, 'एनात्री?', म्हणजे काय झालं? कार्डवर कोड शेवटपर्यंत धावत होते, पण कीबोर्ड लागेना झालेला. बोर्डावरचा 3.6 व्होल्टचा निकेल-कॅडमियम सेल गळून कीबोर्ड सॉकेटजवळचे ट्रॅक हिरवे पडले होते. गळलेलं ते अल्कली असतं, म्हणून आधी व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि तुटलेल्या दोन ट्रॅकवर बारीक वायरचे जंपर. सेलच्या जागी सीआर2032 हा नाण्यासारखा सेल टाकताना वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा डायोड घातला, कारण बोर्डाचं सर्किट जुना सेल चार्ज करायचं आणि हा चार्ज करून चालत नाही. हे सगळं नुसतं डोळ्यांनी आणि मल्टिमीटरनं झालं.

आता तक्रारी. सोबतची पुस्तिका रद्दी आहे, बायोस कुणाचं ते बघून कोड वेगळे शोधा. खरा धोका आयएसए बाजूचा. कार्डाला मागची पत्र्याची पट्टी नाही, त्यामुळं ते उलटंही बसतं. हे मला ठाऊक आहे, कारण आत्ताचं कार्ड दुसरं आहे. पहिलं रात्री साडेअकराला, लाइट जाऊन आल्यावर, घाईत उलटं घातलं. वास अजून आठवतो. आता एका कडेला लाल नेलपॉलिश लावून ठेवलंय, बायकोचं, न विचारता.

मल्टिमीटर नसेल तर आधी तो घ्या, कार्ड नंतर. दोन्ही असतील तर जरूर घ्या, पाचापैकी साडेतीन.

शहापूरचा तो डोंगलवाला बोर्ड सध्या टेबलावरच आहे. दिवे सगळे बरोबर, अंकांच्या जागी दोन आडव्या रेघा, म्हणजे कोडच येत नाही. प्रोसेसर बदलून बघायचा राहिलाय.